सगळे म्हणाले, माणूस चांगला

मनकर्णाबाई नरवडे यांनी उभ्या आयुष्यात कुणाला मूर्ख म्हटलं नव्हतं, निदान तोंडावर तरी. पण एका ऑडिटरची चौकशी करायची पाळी त्यांच्यावर आली आणि त्या महिन्यात हा शब्द इतक्यांदा ओठांवर आला, की शेवटी त्यांनी दाढेखाली सुपारी धरायला सुरुवात केली. तोंड बंद राहावं म्हणून.

बाई मूळच्या पाचोडच्या. मॅट्रिक झाल्या आणि औरंगाबादच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या. मुंबईचा फोन सकाळी नोंदवायचा आणि नशीब बरं असेल तर दुपारी लागायचा, तो काळ. एकट्या मुलीनं शहरात राहायचं कुठं? गुलमंडीच्या मागच्या एका बोळात मुलींचं वसतिगृह होतं. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर चार-दोन वर्षांनी पैठण तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून ते सुरू केलेलं. पोरींना शिकवायचं तर आहे, पण शहरात ठेवायचं कुणाच्या भरवशावर, या पेचातून निघालेलं. मनकर्णाबाई लग्न होईपर्यंत तिथंच राहिल्या. नोकरीतून मोकळ्या झाल्यावर त्याच संस्थेच्या सचिव झाल्या. या कामाला पगार नव्हता. गाऱ्हाणी मात्र भरघोस: टाकीत पाणी नाही, डाळीत डाळ नाही, रविवारी सिनेमाला का सोडत नाही.

संस्थेचे हिशेब गोविंदराव नावाचे जुने ऑडिटर तपासायचे. संक्रांतीला मुलींसाठी तिळगूळ आणायचे आणि वीजबिलातल्या चुकीवरून अध्यक्षांना भर सभेत झाडायचे. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, तेव्हा त्यांनी हात जोडले. ही २०१५ सालची गोष्ट. नेमकी त्याच वर्षी एका कंपनीनं वसतिगृहाच्या नव्या इमारतीला मदत देऊ केली होती. अट एकच: नवा ऑडिटर रीतसर निवडा, निदान दोघांची नावं बघा, आणि ज्या संस्थांचं काम त्यांनी केलंय त्यांच्याकडं विचारपूस केल्याचं ठरावात लिहा.

"विचारपूस?" अध्यक्ष आप्पासाहेब खुर्चीत मागं रेलले. पाचोडकडचे मोसंबीचे बागायतदार, अंगानं ऐसपैस आणि मनानंही. "अहो ताई, ऑडिटर नेमायचाय का सोयरीक जुळवायचीय? टाकसाळे आपलाच माणूस हाय. माझ्या साडूच्या गावचा. गुलमंडीवर हापीस हाय, एसी हाय."

"एसीला कोण विचारतंय आप्पासाहेब? सोयरीक जुळवताना तरी आपण चार घरं पुढं जाऊन विचारतो. पोरगा पितो का, सासू भांडकुदळ आहे का. इथं तर सगळ्या संस्थेची मान दुसऱ्याच्या हातात द्यायचीय."

"मग तुमीच विचारा की. जलम फोनवर गेलाय तुमचा!"

सगळी सभा हसली आणि काम बाईंच्या गळ्यात पडलं. दुसरं नाव गोविंदरावांनीच सुचवलं होतं: सगीरा शेख. त्यांच्याच हाताखाली शिकून सीए झालेली. हे नाव निघाल्यावर एका सभासदानं घसा खाकरला. "नाय, मुलगी हुशार असंल. पण आपलं मुलींचं वसतिगृह, गावाकडची माणसं... लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक?" बाईंनी विचारलं. "नावं सांगा. त्यांनाही फोन करते."

सभासदानं चहाचा कप उचलला तो खाली ठेवलाच नाही.

टाकसाळ्यांनी गुळगुळीत कागदावर तीन संस्थांची नावं पाठवली. बाईंनी जेवणं आटोपल्यावर पहिला फोन लावला. एका कॉलेजचे चिटणीस बोलत होते.

"टाकसाळ्यांचं काम कसं आहे?"

"उत्तम."

"म्हणजे कसं?"

"एकदम उत्तम."

"अहवाल वेळेवर देतात का?"

"देतात की. म्हणजे, देत असतील. ते आमचे क्लार्क बघतात."

"त्यांना देता का फोन?"

"ते रजेवर आहेत."

"कधी येतील?"

"आता काय सांगू? दिवाळीपासून रजेवर आहेत."

दिवाळी होऊन उन्हाळा लागला होता. बाईंनी फोन ठेवला, सुपारी दाढेखाली सरकवली आणि दुसरा नंबर फिरवला. एका महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या, आवाजावरून सत्तरीच्या.

"कोण, आमच्या पर्शा टाकसाळ्याबद्दल इचारती व्हय? अगं बाई, सोन्यासारखं पोरगं! माझ्या मांडीवर वाढलंय."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"आत्या की त्याची."

"आणि मंडळाच्या अध्यक्षा ना तुम्ही?"

"व्हय. त्यानंच केलंय मला."

बाईंचे यजमान काकासाहेब शेजारी पेपर वाचत होते. एस.टी.त हेडक्लार्क होते. कशानंही न चिडणं हा त्यांचा स्वभाव होता, आणि बाईंना सगळ्यात जास्त चीड त्याचीच येई.

"काय म्हणाले?"

"चांगला आहे म्हणाले."

"मग झालं तर."

"काय झालं? एकाला ठाऊक नाही, दुसरी सख्खी आत्या!"

"अगं, फोनवर कोण कुणाचं वाईट सांगतं? उद्या त्याच माणसाकडं सहीला जायचं असतं. टाक लिहून चांगला आहे म्हणून आणि चहा ठेव."

यजमानांचं म्हणणं खरं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. चहा ठेवता ठेवता बाईंना एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरबाई आठवल्या. लाइन ठीक आहे का, असं त्या कधीच विचारायच्या नाहीत. कारण सगळ्या मुली हो म्हणायच्या. त्या विचारायच्या, जालन्याचा ऑपरेटर आत्ता काय बोलला ते सांग. मग कळायचं लाइनीचं. आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय, हे बाईंच्या ध्यानात आलं. माणूस कसा आहे म्हटल्यावर लोक चांगला म्हणणारच. तो शेवटचा कधी आला होता, स्वतः आला की पोरं पाठवली, कशावरून वाजलं होतं का, असं विचारायला हवं.

तिसरं नाव पाचोडच्या एका दूध संस्थेचं होतं. बाईंनी तिथं स्वतः जायचं ठरवलं. आप्पासाहेबांना ते कळलं आणि ते जीप घेऊन दारात हजर. "चला ताई, मीबी येतो. तुमच्या समोरच इचारू. मग तर पटंल?"

बाजाराचा दिवस होता. गाड्या, मेंढरं, मिरच्यांचे ढीग यांतून वाट काढत जीप दूध संस्थेशी पोचली. चेअरमन कडूबा पांढऱ्याशुभ्र धोतरात बसले होते. आप्पासाहेबांना बघून उभेच राहिले. चहा आला, शेव आली. बाईंनी विषय काढला.

"टाकसाळे सायेब?" कडूबांचा चेहरा उजळला. "लई देवमाणूस! असा ऑडिटर मिळायचा नाय. काडीचा तरास नाय बघा."

आप्पासाहेबांनी बाईंकडं बघून मिशीला हात लावला.

"शेवटचे कधी आले होते इथं?" बाईंनी विचारलं.

"इथं? कशाला येत्यात? आम्ही कागद पाठवितो, चार दिसांत सह्या होऊन माघारी येत्यात."

"दूध मोजायचं मशीन, साठा, पावत्या, काही बघत नाहीत?"

"ताई, भरवसा हाय त्यांचा आमच्यावर! आधीचा ऑडिटर लई किरकिऱ्या व्हता. ह्यांनी आजवर एक प्रश्न इचारला नाय. एक!" कडूबांनी एक बोट वर केलं आणि अभिमानानं धरून ठेवलं.

आप्पासाहेबांचा हात मिशीवरून खाली आला. त्यांनी शेवेची बशी उगाच पुढं-मागं केली. बाईंना वाटलं, आता तरी उजेड पडला असेल. कडूबा मात्र खुशीत होते. "अहो, त्या बालगृहवाल्या द्वारकाबाईंनी त्यांना काढलं म्हणं. औरंगाबादला असती ती. बाईचं डोकं जरा फिरलेलंच हाय. एवढा सज्जन माणूस कुणी काढतं व्हय?"

जीप परत निघाली तशी बाई म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

"ऐकलं की. चांगलाच बोलला."

"आप्पासाहेब!"

"आता ताई, सगळे असंच करत्यात. कागद नीट असल्याशी कारण." चिकलठाण्याच्या अलीकडं अचानक म्हणाले, "एक प्रश्न इचारला नाय म्हणजे... गोविंदराव तर वहाणा बाहेर काढायच्या आधी दोन प्रश्न इचारायचे."

टाकसाळ्यांच्या कागदावर द्वारकाबाईंचं नाव नव्हतं. म्हणूनच बाई त्यांच्याकडं गेल्या. अनाथ मुलांचं लहानसं बालगृह. द्वारकाबाई आधी काही बोलायलाच तयार होईनात. "कशाला कुणाचं वाईट सांगायचं?" दुसऱ्या चहाला त्या विरघळल्या. टाकसाळे दरवर्षी सांगत, तुमचा अहवाल धर्मादाय आयुक्तांकडं गेला. गेला, गेला म्हणत तीन वर्षं गेली. मग नोटीस आली. अहवाल तयारच नव्हता, तर जाणार कुठून? द्वारकाबाईंनी सहा महिने हेलपाटे घातले, तेव्हा कुठं निस्तरलं. त्या काळात बालगृहाला मिळणारी मदत थांबली होती, आणि मुलांचं दूध त्यांनी स्वतःच्या पेन्शनीतून चालवलं होतं.

"मग हे कुणाला सांगितलं नाही तुम्ही?" बाई जवळजवळ ओरडल्याच. "दुसऱ्या संस्था फसतील, त्यांना सावध करायला नको?"

द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, कुणी विचारलंच नाय."

परतताना रिक्षात बाईंचं मस्तक भणभणत होतं. एवढं मोठं शहर, एवढ्या संस्था, आणि कुणी विचारलंच नाही! ज्यांनी विचारलं त्यांनी आत्याला विचारलं.

आता राहिली सगीरा. शहागंजात पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं, दोन टेबलं मावतील एवढं. बाईंनी नावं मागितली तेव्हा ती म्हणाली, "देते ताई. पण आधी त्यांना विचारते, तुम्हाला नंबर दिला तर चालेल का म्हणून." दुसऱ्या दिवशी तिनं तीन नावं सांगितली. तिसरं चिकलठाण्याचे कारखानदार युसूफभाई यांचं. "ते माझ्याबद्दल वाईट बोलतील," ती म्हणाली.

"मग नाव कशाला देतेस?"

"त्यांनी मला काढलंय. तुम्ही शोधलंच असतं."

पहिल्या दोघांशी बाई बोलल्या. काम चोख, स्वतः येते, समजावून सांगते, असं दोघंही म्हणाले. पण एका शाळेच्या मुख्याध्यापिका पुढं म्हणाल्या, "एका वर्षी तिची आई आजारी होती. अहवाल दोन महिने उशिरा आला, आणि तिनं आधी कळवलंही नाही. आम्ही अडकलो." बाईंनी कपाळ चोळलं. सरळ एक माणूस वाईट आणि एक चांगला निघाला असता तर काय बिघडलं असतं? त्यांनी सगीराला फोन करून हे विचारलं. ती म्हणाली, "खरं आहे. कळवायला हवं होतं. तेव्हापासून एक सहकारी ठेवलाय." तिनं आईचं कारण पुढं केलं नाही.

युसूफभाईंच्या कारखान्यात पत्रे कापायच्या मशीनचा इतका आवाज होता, की बाईंना ओरडून बोलावं लागलं.

"सगीरा शेख? तोबा!" युसूफभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "कायको पूछते बाई उसका? माझ्या गोदामात स्टूल टाकून बसली. म्हणे, कागदावर जेवढे पत्रे आहेत तेवढे दाखवा. मी म्हणालो, कागदावर आहेत म्हणजे आहेत. ती म्हणे, मग दाखवा. दोन दिवस काम बंद!"

"आणि निघाले का तेवढे?"

युसूफभाईंनी मशीनवाल्याला हातानं थांबायची खूण केली. आवाज बंद झाला, तसा त्यांचाही आवाज उतरला. "नाही निघाले. माझ्या मेव्हण्यानं बाहेरच्या बाहेर विकले होते. मी तिला हात जोडले, बेटी, घरातली गोष्ट आहे, लिहू नको. ऐकलं नाय. बँकेनं हात आखडला. बायकोनं दोन महिने अबोला धरला. मग मी तिला नमस्कार केला, हौ, बस हो गया."

"उशीर वगैरे करायची का?"

"उशीर? वेळेच्या आधी! तीच तर पंचाईत!"

सभा भरली. बाईंनी जे ऐकलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, सगीराच्या उशिरासकट. आता कुणी काही शहाणपणाचं बोलेल म्हणून त्या खाली बसल्या. घसा खाकरणारे सभासद म्हणाले, "मग असं करू. एक साल टाकसाळे, एक साल ती पोरगी. दोघांचाबी मान राहील."

दोन-तीन माना हलल्याही. बाईंनी सुपारी पदराच्या टोकात थुंकली. "हळदी-कुंकू आहे का हे, मान राखायला? महिनाभर मी उन्हातान्हात फिरले. एक माणूस तीन वर्षं खोटं बोलला, हे ऐकून तुमच्या डोक्यात मानच येतो? असाच ठराव करायचा असेल तर त्याच्याखाली माझा राजीनामाही लिहून घ्या!"

आप्पासाहेब इतका वेळ खिडकीकडं बघत होते. बाईंना वाटलं, आता साडूचं गाव निघणार. ते म्हणाले, "ताई, त्या युसूफभाईला एक इचारलं का? पुन्हा नेमायची झाली, तर तिला घेतील का?"

बाई चपापल्या. महिनाभर वणवण केली आणि हा साधा प्रश्न सुचला नव्हता. सुचला तो आप्पासाहेबांना! त्यांनी तिथंच फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"मेरेको? नक्को!" युसूफभाईंचा आवाज खोलीभर घुमला. "माझा कारखाना घरचा. बुडाला तर माझा बुडेल, मी बघून घेईन. मला डोक्याला शांती पाहिजे." ते थांबले. बाईंनी डोळे मिटून घेतले. "पण तुमचं मुलींचं आहे ना? लोकांनी भरवशानं पैसे दिलेत. मग तिथं तिलाच बसवा बाई. दुसरं कुणी बसवू नका."

आप्पासाहेबांनी मांडीवर हात मारला. "लिवा ठराव." मग पुटपुटले, "पण साडूला काय सांगू, ते तुमीच सांगा."

"सांगते की. नंबर द्या."

सगीराची नेमणूक झाली आणि बाईंना वाटलं, सुटले एकदाची. सगीरा पहिल्यांदा आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. तिनं डाळ-तांदळाचे डबे काढायला लावले आणि वजनकाटा मागवला. स्वयंपाकीण आवडाबाई संतापली. "मी काय चोरी करते व्हय? नरवडेबाई, ही राहील नायतर मी राहीन!" बाईंनी तिची अर्धा तास समजूत घातली. डाळ बरोबर निघाली, तेव्हा आवडाबाई आणखीच संतापली. "बघा, मी म्हणलं नव्हतं? मग मोजलं कशाला?"

मग पाळी बाईंची आली. आदल्या वर्षी वसतिगृहाला रंग दिला होता. बाईंनी ओळखीच्या रंगाऱ्याला बोलावलं, भाव घासाघीस करून कमी केला आणि काम करून घेतलं. दुसरीकडं दर विचारले नव्हते. सगीरानं ते अहवालात घेतलं: सचिवांनी इतर दरपत्रकं मागवली नाहीत.

"अगं, स्वस्तात करून घेतलं मी!" बाई कडाडल्या. "भर उन्हात शिडीखाली उभी राहिले!"

"हो ताई. पण दुसरीकडं विचारलं नव्हतं, हे खरं आहे ना?"

"खरं आहे. पण लिहायलाच पाहिजे का?"

सगीरानं पेन कागदावर टेकवलं आणि बाईंकडं बघितलं. तेव्हा बाईंना आपण काय बोललो ते ऐकू आलं. त्या उठल्या, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "लिही. पण स्वस्तात केलं हेही लिही."

सगीरानं तेही लिहिलं. आप्पासाहेबांनी तो शेरा वार्षिक सभेत मोठ्यानं वाचून दाखवला, आणि मागच्या ओळीत नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा वाचला. अहवाल वेळेत गेला. कंपनीचा अधिकारी आला, शेऱ्यावर बोट ठेवून त्यानं बाईंना दोन प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली, आणि पावसाळा सरल्यावर इमारतीचा पाया खणायला सुरुवात झाली. टाकसाळे अजून गुलमंडीवरच आहेत. त्यांच्याबद्दल विचारायला बाईंकडं अजून कुणी आलेलं नाही. द्वारकाबाईंकडं मात्र बाई महिन्यातून एकदा जातात, बालगृहाच्या पोरांसाठी काहीबाही घेऊन. दोघी चहा पितात आणि लोकांना शिव्या देतात.

जुन्या इमारतीला पुन्हा रंग द्यायची वेळ आली, तेव्हा बाईंनी नियमानं तीन रंगाऱ्यांकडून दर मागवले. तिन्ही आले, वेळेवर, स्वच्छ अक्षरात. बाईंना बरं वाटलं. मग त्यांनी खालची नावं वाचली. तिघं सख्खे भाऊ होते.

"काय झालं?" काकासाहेबांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि सुपारीचा डबा उघडला.